डाव्या हाताचा केक

ख्रिस्ती लोक डाव्या हातानं खातात, हे अंबाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ओझरतं नाही, चांगलं अडीच तास पाहिलं होतं. तिच्यासोबत गावातल्या वीस-बावीस बायांनी पाहिलं होतं. तरी सत्तावीस वर्षं झाली, तिचा नवरा रघुनाथराव याच एका गोष्टीवरून तिला चारचौघांत येडी ठरवत आला होता. आणि आता तर त्याच गोष्टीपायी पोरीचं लग्न भलत्या घरी जमू पाहत होतं.

गोष्ट जुनी. अंबाबाईच्या लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा. पांढुर्ण्याच्या बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा उतरला होता. त्यांचं गाव तिथून दोन कोसांवर. कापसाच्या गाड्या जिनिंगवर रित्या झाल्या आणि गाडीवानांपासून सासवा-सुनांपर्यंत सगळं गाव तंबूत शिरलं. बापे एका दारानं, बाया दुसऱ्या दारानं. पिक्चर हिंदी होतं, आणि तेव्हाच जुनं होतं. नागपूरच्या थेटरात ते आठवडाभरही टिकलं नव्हतं, असं तंबूवालाच सांगत होता. त्या पिक्चरचं नाव गावात कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. सगळे म्हणत, केकवालं पिक्चर.

एक थंड हवेचं गाव. बडा दिन, म्हणजे नाताळ, उद्यावर आलेला. टाइप करणारा एक गरीब बाबू एका श्रीमंत पोरीला मागणी घालायची म्हणून अंगठी आणतो आणि तिच्या घरी जाणाऱ्या केकमध्ये लपवायला बेकरीत देतो. बेकरीवाल्याची पोरगी कामाच्या गर्दीत ती अंगठी भलत्याच केकमध्ये घालून बसते. चाळीस केक, चाळीस घरं, आणि अंगठी कोणत्या केकात ते देवालाच ठाऊक. मग ती पोरगी आणि तो बाबू एका सायकलवर बसून घरोघर फिरतात. कुठं गाणारे बनून, कुठं विजेचं मीटर पाहायला आलेले बनून, कुठं मयताला भेटायला आलेले बनून आत शिरतात आणि केक खातात. प्रत्येक घरी बाबूचं पोट फुटायला येतं, तरी तो ताट पुढं करून म्हणतो, "जी, जरासा और!"

ते वाक्य गावानं उचललं. अजूनही गावात लग्नाची पंगत बसली आणि वाढपी जिलेबी घेऊन आला, की कोणीतरी म्हाताराच पत्रावळ पुढं करून म्हणतो, "जी, जरासा और!" आणि आख्खी पंगत हसते. ज्या पोरांनी पिक्चर पाहिलं नाही, तीसुद्धा हसतात.

बाया तर ते पिक्चर कापूस वेचता वेचता जगल्या. एकीनं ओळ धरली की दुसरी म्हणायची, "कितवं घर चालू हाये?" अंबाबाई सांगायची. तिला चाळीसच्या चाळीस घरं पाठ होती. बाबू आणि बेकरीवाली एकमेकांशी भांडत भांडत कसे गोड होत गेले, हे ती असं सांगायची की वेचणाऱ्यांचे हात थांबायचे.

पण बायांच्या सांगण्यात आणि बाप्यांच्या सांगण्यात एक फरक होता. बाया म्हणत, त्या लोकांत डाव्या हातानं खातात, आणि शेवटी बाबूनं अंगठी घातली ती बेकरीवालीच्या उजव्या हातात. बापे म्हणत, काहीतरीच. खातात उजव्यानं आणि अंगठी घातली डाव्यात. बायांना वाटे, बाप्यांचं लक्ष पोरीच्या झग्यावर होतं, त्यांना हात काय दिसणार! पुढं एकदा गावात टोचायला एक ख्रिस्ती नर्सबाई आली. तिला अंबाबाईनं मुद्दाम डाव्या अंगाला भाकर-भाजी वाढली. नर्सबाई उजव्या हातानं जेवली. त्यावर बायांनी ठरवलं, बाई मोठी समजूतदार, आपल्या घरी आली म्हणून आपल्यासारखी जेवली.

हे रघुनाथरावाच्या कानावर गेलं आणि त्याला आयुष्यभराचं हत्यार मिळालं. अंबाबाईनं काही म्हटलं, बैलाचा पाय दुखतो म्हटलं, सोसायटीचा माणूस लबाड वाटतो म्हटलं, की तो हसून ओट्यावरच्या लोकांना सांगे, "इले नोका विचारू. इचे लोक डाव्या हातानं जेवतात." बैलाचा पाय खरंच निकामी झाला आणि सोसायटीचा माणूस खरंच पळाला, ते वेगळं. त्यानं वाक्य जुनं झालं नाही. हळूहळू पिक्चर पाहिलेल्या बाकीच्या बायांनी आपलं म्हणणं सोडून दिलं. घरोघर कोण रोज भांडणार! उरल्या दोघी, एक अंबाबाई आणि एक शेजारची पंचफुला.

यंदा दिवाळीनंतर लेकीला, जयश्रीला, स्थळ आलं. सौंसरच्या पलीकडं मोहगावच्या वाटेवर भिवाजी म्हणून एक शेतकरी, त्याचा मुलगा सुरेश. पोरगा मॅट्रिक, दिसायला बरा. रघुनाथराव दोघा भावकीवाल्यांना घेऊन घर पाहायला गेला. अंबाबाईही गेली. गावाच्या अलीकडं नाला लागतो. सौंसरकडून येताना नाल्यापाशी रस्त्याच्या डाव्या अंगाला संत्र्याची बाग, फळानं वाकलेली. उजव्या अंगाला बरड, नुसते गोटे आणि तरोट्याचं तण. भिवाजीनं गाडी थांबवून डावीकडं हात केला आणि म्हणाला, "हे आपलंच."

अंबाबाईनं एकदा बागेकडं, एकदा बरडाकडं पाहिलं. महालक्ष्म्यांच्या सणाला ती त्याच गावी मावशीकडं जेवायला आली होती. त्याच नाल्यावर मावशी बोलता बोलता म्हणाली होती, "डावीकडली बाग मोरेश्वर पटलाची, आन् हा उजवीकडला बरड त्या भिवाजीचा. कशी नशिबं असतात पाय!"

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पान लावत होता.

"मावशीनं उलटं सांगतलं असंल," तो म्हणाला. "नाही तर तुह्या डोक्यात उलटं बसलं. तुह्या डोक्यात डावं-उजवं कधी सरळ बसलं हाये काय?"

"अवो, मी तिथं उभी होती. तिनं हात करून दाखवलं."

"त्या पिक्चरातल्यानंही तुले हात दाखवले होते."

"पटवाऱ्याले विचारा ना एक डाव. कागदावर असंलच."

"सोयऱ्याच्या शेताची पटवाऱ्याकडं चौकशी? उद्या सगळ्या समाजात होईन, रघुनाथराव पोरगी देण्याआधी सातबारे हुंगत फिरतो. नाक कापायचं हाये काय माह्यं?"

मावशीला विचारावं तर ती लेकाकडं भिलाईला गेलेली. पत्र टाकलं, उत्तर नाही. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला, नाताळाचा गुरुवार, कारण पोराच्या मामाला तेव्हाच सुट्टी होती. अंबाबाई रोज तेच बोले, रघुनाथराव रोज तेच उत्तर देई. भिंतीशी बोललं तर निदान भिंत हसत नाही.

जयश्री एकदा म्हणाली, "आई, बाग नसली तरी चालंल मले. पण दुसऱ्याची दाखवली असंल तर नोको."

"मंग हेच मी म्हणून राहिली ना!"

"मंग बाबाले सांग ना."

अंबाबाईनं हातातला झाडू आपटला.

अशात पांढुर्ण्याहून प्रभाकर मास्तर आला. हा रघुनाथरावाचा धाकटा भाऊ, शाळेत शिकवी. त्याच्या घरी नवा टीव्ही आला होता आणि गच्चीवर नागपूरकडं तोंड केलेला उंच अँटिना. आल्या आल्या तो म्हणाला, "वहिनी, तुमचं केकवालं पिक्चर येऊन राहिलं रविवारी संध्याकाळी! पेपरात नाव वाचलं. मी पाचवीत होतो तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं ते नाव."

अंबाबाईला खरंच वाटेना. सत्तावीस वर्षांनी ते पिक्चर परत दिसणार! तिच्या चेहऱ्यावर नुकतं कुठं हसू येत होतं, तेवढ्यात ओट्यावरून रघुनाथराव म्हणाला, "बरं झालं. एकदाचा निकाल लागून जाईन. अवं, लावते काय शर्त?"

"कशाची?"

"पिक्चरातल्या त्या पोट्ट्यानं डाव्या हातानं खाल्लं, तर मी सोमवारी पटवाऱ्याकडं जातो. उजव्यानं खाल्लं, तर साक्षगंधापर्यंत त्या बागेचा तू शब्द काढायचा नाही. मंजूर?"

ओट्यावर चार माणसं बसली होती. प्रभाकर म्हणाला, "दादा, जाऊ द्या ना." पण अंबाबाई उंबऱ्याबाहेर आली आणि म्हणाली, "मंजूर." तिला खात्री होती. स्वतःच्या लग्नाची तारीख तिला सांगता आली नसती, पण बाबूचा डावा हात तिला आत्ता दिसत होता, करंगळी वर केलेला, केकचा तुकडा धरलेला.

रविवारी दुपारीच बैलगाडीनं सगळे पांढुर्ण्याला पोचले. रघुनाथराव, अंबाबाई, जयश्री, पंचफुला. अंबाबाईनं टोपलीभर संत्री आणली होती. प्रभाकरची बायको अनुराधा मोठ्या भगोन्यात चहा ठेवून बसली होती, कारण टीव्ही पाहायला अर्धी गल्ली येणार हे तिला ठाऊक होतं.

अंबाबाईनं सतरंजीवर अगदी पुढची जागा धरली. टीव्हीचं लाकडी दार सरकवलं गेलं. पडद्यावर आधी मुंग्या, मग चेहरे, मग परत मुंग्या. प्रभाकर गच्चीवर चढून अँटिना फिरवू लागला.

"आलं का?"

"आलं, आलं! आता हात नोका लावू!"

"आता?"

"गेलं!"

असं करत करत पिक्चर लागलं. तेच गाव, तेच धुकं, तीच बेकरी. अंबाबाई आणखी पुढं सरकली. पण तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या घरचे सात जण आले, सोबत त्यांची ऐंशी वर्षांची आई. अनुराधा अवघडून म्हणाली, "जाऊबाई, जरा मागं सरकता का? साहेबांच्या घरचे आहेत." अंबाबाई मागं सरकली. मग पोस्टातले दोघं आले, ती आणखी मागं सरकली. मग बापे म्हणाले की खुर्च्या पुढं घेऊ, आणि बाया सगळ्या मधल्या खोलीत गेल्या.

"माही शर्त हाये!" अंबाबाई म्हणाली.

"तुले ऐकू येते ना?" रघुनाथराव खुर्चीवरून म्हणाला. "पाहायचं काम आमी करतो."

ती दाराच्या चौकटीला धरून, मान लांब करून उभी राहिली. पहिलं घर आलं. एक जाड मडम केकचं ताट घेऊन येते. बाबू तुकडा उचलतो. उजव्या हातानं.

"पाहा!" रघुनाथरावानं मांडीवर थाप मारली. "पाहा हो, तुमच्या वहिनीसाहेबांच्या डावखोऱ्याले पाहा!"

बापे हसले. अंबाबाईनं डोळे चोळले. दुसरं घर आलं, मीटर पाहायच्या सोंगाचं. उजवा हात. तिसरं घर. उजवा. प्रत्येक वेळी खुर्च्यांवरून मोजणी व्हायची. पिक्चरमध्ये लोक हसत होते, घरात लोक हसत होते, लहान पोरं तर "जी, जरासा और!" म्हणत लोळत होती, आणि एवढं गोड पिक्चर अंबाबाईला गोड लागत नव्हतं. सत्तावीस वर्षं जीव टाकला ज्याच्यावर, ते समोर चाललं होतं, आणि ती नुसते हात पाहत होती. पोरगी सायकलच्या पुढच्या दांड्यावर कशी बसते, ते पाहायचं राहून गेलं. मयताच्या घरचा प्रसंग केव्हा आला आणि गेला, ते कळलंच नाही.

"पंचफुले," ती हळूच म्हणाली, "आपण खरंच येड्या होतो काय वं?"

 पंचफुलेनं पदरानं तोंड पुसलं.

मध्ये बातम्या लागल्या. चहा फिरला. रघुनाथराव कप घेऊन मधल्या खोलीच्या दाराशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग? गुरुवारपर्यंत तोंड बंद. ठरलं ना?"

"ठरलं," अंबाबाई म्हणाली. दुसरं म्हणणार काय!

बातम्या संपल्या आणि ती दारातून मागं सरून भिंतीशी बसली. आता पाहायचं तरी कशाला? तिच्यासमोर अनुराधाचं शोकेस होतं, काचेच्या दाराचं, आत पाहुण्यांचे कप आणि प्लास्टिकची फुलं. खोलीत अंधार केलेला. आणि त्या काचेत, कपांच्या अंगावर, बारीकसा उजेड हलत होता. टीव्ही होता तो. दारातून येऊन काचेत पडला होता. बेकरीवाली पोरगी काचेत चालत होती. बाबूनं ताटातला तुकडा उचलला. करंगळी वर. डाव्या हातानं.

अंबाबाई गुडघ्यावर उठली. मान वळवून तिनं दारातून टीव्हीकडं पाहिलं, उजवा. काचेकडं पाहिलं, डावा. पुन्हा टीव्ही. पुन्हा काच. काचेतला बाबू हाच तिचा बाबू होता. सायकल तिकडूनच यायची, पोरगी याच बाजूला तोंड करून बसायची. सगळं जिथल्या तिथं.

"पंचफुले, इकडं पाय! काचेत पाय!"

पंचफुलेनं पाहिलं. "अवं माय! हा तर तोच!"

"तंबूत आपण कुठं बसलो होतो?"

"बायाईत."

"बायाईत, पण कुठं? मशीन कुठं होती?"

पंचफुलेनं कपाळाला हात लावला. "मशीन बाप्यांकडं. मधात पडदा. आपण... आपण पडद्याच्या तिकडल्या अंगाले. आठवते काय, त्या मशीनचा उजेड आपल्या तोंडावर येत होता? आन् तो माणूस घडीघडी पडद्यावर पाणी मारत होता, आपल्याले नीट दिसावं म्हणून. माह्या लुगड्यावर पाणी उडालं होतं."

अंबाबाई तशीच बसून राहिली. दंडारीच्या खेळात मधात नाचणारा असतो आणि लोक चारी बाजूंनी पाहतात. कोठूनही पाहिलं तरी त्याचा डावा हात डावाच असतो. म्हणून तंबूत पडद्याच्या मागं बसवलं तेव्हा एकाही बाईला त्यात काही वाटलं नव्हतं. पण तिथं माणूस नव्हताच. कापड होतं. बापे कापडाची एक बाजू पाहत होते आणि बाया दुसरी.

ती उठली ती सरळ पुढच्या खोलीत गेली आणि बटण दाबून तिनं दिवा लावला.

"लाइट कोणी लावला?" "बंद करा!" "ऐन वक्तावर काय हो!"

भिंतीवर बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. एक शेतकरी उजव्या हातात विळा घेऊन उभा. अंबाबाईनं ते पान टरकन फाडलं.

"वहिनी, डिसेंबर अजून संपायचा आहे!" प्रभाकर ओरडला.

"भाऊजी, या शेतकऱ्याच्या कोणत्या हातात विळा हाये?"

"उजव्या."

तिनं ते पान दिव्यापुढं धरलं आणि त्याची कोरी बाजू लोकांकडं केली. उजेडात चित्र आरपार दिसत होतं. "आन् आता?"

 पोस्टातला एक जण उठून जवळ आला. "डाव्या," तो म्हणाला.

"आमाले तंबूत पडद्यामागं बसवलं होतं. आमी इकडून पाहिलं, तुमी तिकडून पाहिलं. मी जे पाहिलं तेच सांगतलं. सत्तावीस वर्षं जे दिसलं तेच सांगून राहिली, आन् तुमी..." तिनं पान प्रभाकरच्या हातात दिलं. "माह्या डोळ्याले काही झालं नव्हतं. मले जागा मागची देल्ली होती."

प्रभाकर मास्तर कॅलेंडरचं पान हातात घेऊन दिव्यापुढं फिरवत होता, एकदा असं, एकदा तसं. "बरोबर आहे," तो पुटपुटला. "अरे, बरोबर आहे! दादा, वहिनीचं अगदी बरोबर आहे! आम्ही मास्तर लोक, पण हे कधी..."

सगळ्यांनी रघुनाथरावाकडं पाहिलं. तो पानाकडं पाहत होता. त्याला कळलं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. अंबाबाई वाट पाहत होती. एवढ्या वर्षांत तिनं कशाची वाट पाहिली असेल तर याची.

त्यानं घसा साफ केला. "ते ठीक हाये," तो म्हणाला. "पण शर्त पिक्चरची होती. काचेची नाही, कॅलेंडराची नाही. पिक्चरात पोट्ट्यानं कोणत्या हातानं खाल्लं? उजव्यानं. शर्त म्या जिकली."

कोणीतरी फिदकन हसलं. मग सगळेच हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

"अवो, पण तुमाले समजलं ना?"

"समजलं ना. पण बोली ते बोली."

"घातली!" टीव्हीजवळून मुख्याध्यापकांची म्हातारी आई ओरडली. "अंगठी घातली बाप्पा एकदाची!"

सगळे वळले. पडद्यावर घंटा वाजत होत्या आणि बर्फ पडत होता. बाबू आणि बेकरीवाली पाठमोरे सायकलवरून चालले होते. श्रीमंत पोरीच्या घरचा प्रसंग, शेवटचा केक, अंगठी, सगळं होऊन गेलं होतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

"आजी, कोणत्या हातात घातली?" पोस्टवाल्यानं विचारलं.

"हात कोणी पाहिला रे मेल्या!" म्हातारी डोळे पुसत होती. "म्या तिच्या तोंडाकडं पाहून राहिली होती."

अंबाबाई कॅलेंडरच्या उरलेल्या खिळ्याखाली उभी राहिली. पिक्चर परत कधी लागेल, असं तिनं प्रभाकरला विचारलं. तो म्हणाला, ते दिल्लीवाल्यांच्या हाती. वीस वर्षांनीही लावतील, न लावतीलही.

बैलगाडीतून परतताना पंचफुला आणि जयश्री तिच्या दोन्ही अंगांना बसल्या होत्या. रघुनाथराव पुढं कासरा धरून "जी, जरासा और" असं गुणगुणत होता. त्यालाही पिक्चर आवडलं होतं. तेच तर अंबाबाईला जास्त झोंबलं.

सोमवारी सकाळी तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं.

"कोठी चालली?" रघुनाथरावानं विचारलं.

"सौंसरले. पटवाऱ्याकडं."

"शर्त काय ठरली होती?"

"मी बोलायचं नाही, हे ठरलं होतं. जायचं नाही, असं कोठं ठरलं होतं? बोली ते बोली." तिनं जयश्रीला हाक मारली. "चाल वं."

रघुनाथराव उंबऱ्यात आडवा उभा राहिला. मग बाजूला झाला. कारण ओट्यावर पंचफुलेचा नवरा येऊन बसला होता, आणि बायकोला अडवताना दिसणं त्याला बरं वाटलं नाही.

पटवारी सौंसरला तहसिलीच्या व्हरांड्यात भेटला. त्याच्यापुढं आणखी नऊ जण होते. दुपार झाली. पटवारी चहाला गेला, आला, पुन्हा गेला. शेवटी नंबर लागला तेव्हा त्यानं कुरकुरत कापडावर काढलेला गावाचा नकाशा पेटीतून काढून टेबलावर पसरला.

"साहेब, हे सौंसरकडून येताना धरलं ना? उलटी बाजू तर नाही?"

पटवाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तीस वर्षं हेच काम करून राहिलो मी."

"तरी एक डाव सांगा."

त्यानं उसासा टाकला, नकाशा तिच्याकडं वळवला आणि रस्त्यावर बोट ठेवलं. "हा सौंसर. हा नाला. ही डावी बाजू, ही उजवी." मग खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, वही उघडून नंबर जुळवला. "डावीकडची बाग, मोरेश्वर पाटील. उजवीकडची पडीत, भिवाजी. बाग त्याची नाही, आणि त्याच्या बापाचीही नव्हती."

परतीच्या बसमध्ये जयश्री बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. पांढुर्णा जवळ आल्यावर तिनं विचारलं, "आई, सुरेशले माहीत असंल काय?"

"त्याच्याच घराची गोष्ट हाये. असंलच."

"मंग नोको," जयश्री म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. अंबाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगा दिसायला बरा होता, आणि तो पोरीला आवडला होता, हे तिला आता कळलं.

घरी रघुनाथरावानं सगळं जयश्रीच्या तोंडून ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "नंबर पक्का पाहिला?" मग टोपी घातली आणि निरोप पाठवायला माणूस शोधायला गेला. तो वाईट बाप नव्हता. पोरीसाठी त्यानं तासाभरात साक्षगंध मोडलं. हलवायाला, मंडपवाल्याला नको म्हणून कळवलं, सगळं केलं. अंबाबाईजवळ मात्र चुकल्याचा एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात संत्री निवडत बसली होती, चांगली एकीकडं, डागी एकीकडं. ओट्यावर बैठक जमली होती आणि रघुनाथरावाचा आवाज लागला होता.

"भिवाजीनं हात केला ना, तेव्हाच म्या ताडलं. म्हटलं, हा माणूस नाल्यावर गाडी काऊन थांबवते? बागेत नेऊन का नाही दाखवत? मले पयल्या दिवशीच शंका आली होती."

पंचफुला कुडाच्या पलीकडून डोकावली आणि अंबाबाईकडं पाहू लागली. अंबाबाईनं हातातलं संत्रं खाली ठेवलं. उठली, ओट्यापाशी गेली.

"कोणत्या दिवशी?"

"आँ?"

"शंका कोणत्या दिवशी आली, म्हणते. वार सांगा."

बैठकीतले लोक एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहू लागले. रघुनाथरावानं पानाचा डबा उघडला, बंद केला.

"चहा टाक," तो म्हणाला.

"दूध नाही," अंबाबाई म्हणाली. दूध होतं. सकाळीच दोन शेर काढलं होतं आणि चुलीजवळ झाकून ठेवलं होतं. ती परत येऊन संत्र्यांपाशी बसली.  मग रघुनाथरावानं घसा साफ केला आणि आवाज जरा खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, नाल्यावर गाडी कशी थांबली तिथपासून.